सरपण फोडावे कशाने?

दमणगंगेच्या खोऱ्यातील भाताची कापणी आटोपली, खळी रिकामी झाली आणि पहाटेच्या गारव्याने अंगाला पहिला चटका दिला, की सिल्वासाच्या आसपासच्या खेड्यांतील घरोघरी एका जुन्या कामाची आठवण होते. पुढच्या मृगापूर्वी सरपण फोडून, वाळवून, छपराखाली रचून ठेवावयाचे असते. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत ह्या मुलखात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या दिवसांत ज्या घरी कोरडे जळण नसेल, त्या घरची चूल पेटते खरी. परंतु ती अन्न कमी शिजवते आणि डोळे अधिक रडवते.

दादरा व नगरहवेलीचा हा लहानसा प्रदेश १९५४ साली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाला, १९६१ साली भारतात रीतसर विलीन झाला आणि २०२० साली दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. ह्या काळात येथे धरण झाले, कारखाने उभे राहिले, वीज आली आणि स्वयंपाकाचा गॅसही आला. तथापि चूल विझलेली नाही. खानवेल आणि दुधनीकडच्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांत नागलीची भाकर आजही लाकडावर भाजली जाते. गुरांचे आंबोण, आंघोळीचे पाणी, लग्नकार्यातील मोठा स्वयंपाक, ह्या साऱ्यांसाठी सिलिंडर खर्ची घालणे अनेकांना परवडत नाही. जेथे चूल आहे तेथे सरपण आले, आणि जेथे सरपण आले तेथे ते फोडावयाचे कशाने, हा प्रश्नही आलाच.

पूर्वी ह्या प्रश्नाला एकच उत्तर होते: कुऱ्हाड. आता तसे राहिलेले नाही. विजेवर चालणारी, तेलाच्या दाबाने ओंडका चिरणारी यंत्रे बाजारात मिळू लागली आहेत आणि त्यांच्या जाहिराती दूरच्या पाड्यावरील मोबाईलपर्यंत पोहोचल्या आहेत. बटण दाबताच ओंडक्याचे दोन तुकडे होताना पाहिले, की कुऱ्हाड फेकून द्यावी असे कोणासही वाटेल. परंतु साधन निवडण्यापूर्वी काम नीट समजून घेणे, हा सर्वच व्यवहारांतील पहिला नियम आहे. लाकूड फोडावयाचे कशाने हे ठरविण्यास, ते मुळात फोडावयाचे कशासाठी, येथूनच आरंभ केला पाहिजे.

ओंडका चुलीत मावत नाही म्हणून तो फोडतात, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. खरे कारण लाकडातील पाणी हे होय. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. हवेत चांगले वाळलेल्या लाकडात ते पंधरा ते वीस टक्क्यांवर येते. हे पाणी बाहेर पडण्याच्या वाटेत साल आडवी येते, कारण झाडाचा ओलावा राखणे हेच सालीचे काम. अखंड ओंडका म्हणूनच महिनोन्महिने आतून ओला राहतो. २० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा एक ओंडका घेतला, तर त्याची सालीने झाकलेली बाजू सुमारे २,५०० चौरस सेंटिमीटर भरते. त्याच्या उभ्या चार चिरफळ्या केल्या, की साल नसलेला नवा पृष्ठभाग ३,२०० चौरस सेंटिमीटर उघडा पडतो. वाऱ्याला आणि उन्हाला जणू दुसरे दार मिळते. सरपण फोडणे ही वस्तुतः सरपण वाळविण्याची पहिली पायरी आहे.

ओल्या लाकडाने नेमके काय बिघडते, हेही पाहण्यासारखे आहे. एक किलो कोरडे लाकूड जळले की सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सहाशेच्या आसपास किलोकॅलरी लागतात. म्हणजे निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात जळण्याजोगा भाग अर्धाच किलो, आणि त्याच्या उष्णतेतील तीनशे किलोकॅलरी पाण्याची वाफ करण्यातच संपल्या. हा तोटा लहान नव्हे. परंतु त्याहून मोठा तोटा दुसराच आहे. पाण्यामुळे विस्तव थंडावतो, लाकडातून निघणारे वायू पूर्ण जळत नाहीत आणि जे ज्वाळा होऊन कामी यावयाचे ते धूर होऊन घरभर पसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांचा फार मोठा भाग स्त्रियांचा आणि चुलीपाशी खेळणाऱ्या बालकांचा आहे. कुऱ्हाड की यंत्र, ह्या वरकरणी किरकोळ भासणाऱ्या प्रश्नाच्या पाठीमागे हा श्वासाचा प्रश्न उभा आहे.

आता लाकडाच्या स्वभावाकडे वळू या. झाडाचे तंतू खोडाच्या लांबीला धरून उभे असतात. त्या तंतूंना आडवे तोडावयाचे तर फार बळ लागते. पण एकमेकांना चिकटलेले तंतू उभे विलग करणे त्या मानाने पुष्कळच सोपे. म्हणून लाकूड आडवे कापावे करवतीने आणि उभे फोडावे पाचरीने. कुऱ्हाड काय, लोखंडी पाचर काय आणि हजारो रुपयांचे यंत्र काय, मूळ तत्त्व एकच: जाड होत जाणारी धार तंतूंच्या मध्ये शिरवायची आणि त्यांना बाजूला सारायचे.

परंतु सर्व झाडांचे तंतू सारखे सरळ नसतात. बांबू कोयत्याच्या एका झटक्यात पेरापेराने चिरत जातो. तो चिरल्यावाचून मात्र चुलीत घालू नये, कारण बंद पेरातील हवा तापून पेर बंदुकीच्या बारासारखे फुटते. निलगिरीचे तंतू पिळलेले असतात. ती ओली असताना फोडली तर ऐकते, वाळल्यावर मात्र हटवादी होते. बाभूळ चिवट, खैर कठीण. चिंचेचे लाकूड तर इतके गुंतलेले की खाटकाच्या ठोकळ्यासाठी आणि मोगरीसाठी ते मुद्दाम निवडतात. जे लाकूड घाव सोसण्यासाठीच प्रसिद्ध आहे ते फोडण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कोणत्याही झाडात जेथे फांदी फुटली असेल तेथे गाठ असते आणि गाठीत तंतू वळसा घेतात. अशा ओंडक्याला मध्यभागी न फोडता कडेकडेने ढलप्या काढाव्यात. बहुतेक कठीण लाकडे ओली असतानाच सहज फुटतात. झाड तोडून वर्षभर ठेवावे आणि मग फोडावे, ही पद्धत कष्टही वाढविते आणि ओलही राखते.

ह्या ज्ञानाच्या आधारे साधनांची पारख करता येते. पहिले साधन अर्थात कुऱ्हाड. परंतु घरोघरी असते ती बहुधा झाड तोडण्याची, फांद्या छाटण्याची कुऱ्हाड. तिचे पाते पातळ असते, कारण तिला तंतू आडवे कापावयाचे असतात. तीच ओंडक्यावर उभी मारली की खोल रुतते आणि तेथेच अडकून बसते. मग ओंडक्यासकट कुऱ्हाड उचलून आपटण्याची कसरत सुरू होते. फोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते गालाशी फुगीर असावे लागते. ते फार खोल शिरत नाही, पण शिरते तेथे लाकडाला दोन्ही बाजूंना रेटते. बाजारात कुऱ्हाड घेताना धार पाहण्याआधी तिचे गाल पाहावेत, हा पहिला नियम.

दुसरा प्रश्न वजनाचा. जितकी जड तितकी चांगली, असा समज सर्वत्र आढळतो. गणित मात्र वेगळे सांगते. पात्याचे वजन दुप्पट केले तर घावातील ऊर्जा दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. तीन-साडेतीन किलोचे डोके बलदंड माणसाला दहा घाव साथ देते. अकराव्या घावाला हात जड होतात, नेम चुकतो आणि अपघात घडतो. दीड ते दोन किलोची कुऱ्हाड वेगाने व अचूक चालविणारा मनुष्य तेवढ्याच वेळात अधिक काम उरकतो आणि संध्याकाळी त्याची कंबरही शाबूत असते.

तिसरी गोष्ट दांड्याची. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अशी म्हण मराठीत रूढ आहे. तिचा अर्थ निराळा असला, तरी वाईट दांडा खरोखरच घरच्या माणसाचा काळ ठरू शकतो. दांड्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेले असावेत. मध्येच तिरपे सुटणारे तंतू असलेला दांडा ऐन घावात मोडतो. धामण आणि धावडा ही ह्या पट्ट्यातील रानांत आढळणारी झाडे अशा कामासाठी नावाजलेली आहेत, कारण त्यांचे लाकूड लवचिक असून हादरा पचविते. उन्हाळ्यात दांडा आक्रसला की पाते नेढ्यात डुगडुगू लागते. तेव्हा कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय अनेकांना आहे. त्याने दांडा फुगून तात्पुरता घट्ट बसतो, पण पुन्हा वाळल्यावर पूर्वीपेक्षाही ढिला होतो. नेढ्यात नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय.

दांड्याच्या लांबीचे एक साधे माप आहे. हात सरळ खाली सोडून बोटांनी पाते धरावे. दांड्याचे दुसरे टोक बगलेपाशी पोचावे. ह्या मापाचे महत्त्व एवढ्यासाठी की, कुऱ्हाड बहुधा पुरुषाच्या हाताने विकत घेतली जाते आणि पुष्कळ घरी ती चालविते मात्र स्त्री. सकाळी घरधनी कारखान्याच्या पाळीवर गेला, की चुलीपुरत्या ढलप्या काढण्याचे काम तिच्याच वाट्याला येते. तिच्या उंचीला न पेलणारी कुऱ्हाड घरात असणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाची वहाण घालून डोंगर चढण्यासारखे आहे. दुकानात जाताना ज्याचा हात त्याला बरोबर न्यावे, हा सल्ला कोणत्याही यंत्राच्या किमतीहून मोलाचा आहे.

कुऱ्हाडीच्या जोडीला दोन लोखंडी पाचरी आणि एक घण असेल, तर घरगुती सरपणातील बहुतेक प्रश्न सुटतात. जाड ओंडक्याच्या टोकाला जेथे उन्हाने आधीच भेग पडली असेल, तेथे पहिली पाचर ठोकावी. भेग लांबली की तिच्या पुढे दुसरी ठोकावी. पहिली आपोआप मोकळी होते. ह्या पद्धतीत कुऱ्हाड डोक्यावरून फिरवावी लागत नाही, म्हणून वयस्क माणसाला ती अधिक सोयीची. मात्र पाचर ठोकण्यासाठी कुऱ्हाडीची पाठ वापरू नये. त्याने नेढे फाकते. तसेच घणाच्या घावांनी पाचरीचे डोके छत्रीसारखे पसरते आणि त्याच्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. ती कड वेळोवेळी घासून काढावी आणि काम करताना डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा.

आता यंत्राकडे पाहू. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रान्समधील पास्काल ह्या शास्त्रज्ञाने मांडला. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली त्याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आजचे लाकूड फोडण्याचे यंत्र त्याच घराण्यातले. विजेच्या मोटारीने पंप फिरतो, पंप तेलावर दाब देतो आणि ते तेल नळकांड्यातील दट्ट्या पुढे ढकलते. दट्ट्याचा व्यास आठ सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १४० किलोचा दाब दिला, की एकूण जोर सात टनांचा होतो. यंत्रावर लिहिलेले ‘टन’ ते हेच. घरगुती विजेवर चालणारी यंत्रे बहुधा चार ते सात टनांची असतात. सरळ तंतूंच्या आणि मध्यम जाडीच्या लाकडाला ती पुरेशी होतात. गाठाळ बाभळीपुढे मात्र दट्ट्या थबकतो. वीस टनांपुढची यंत्रे पेट्रोल वा डिझेलच्या इंजिनावर चालतात आणि ती वखारीच्या धंद्यासाठीच योग्य.

हाताने दांडी हलवून दाब निर्माण करणारी, मोटारीच्या जॅकसारखी यंत्रेही मिळतात. त्यांना वीज लागत नाही आणि त्यांत उडणारे पातेही नसते. मात्र त्यांचे काम सावकाश चालते. चौथा प्रकार शंकूच्या आकाराच्या फिरत्या स्क्रूचा. तो ओंडक्यात शिरत जाऊन त्याला चिरतो. हा प्रकार स्वस्त आणि वेगवान असला तरी घरी मुळीच आणू नये. फिरत्या स्क्रूला पदर, ओढणी किंवा सैल बाही अडकली, तर मोटार थांबविण्याइतकाही वेळ मिळत नाही. दट्ट्याच्या यंत्रातही दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्याशिवाय न चालणारेच यंत्र पत्करावे. कारण दोन्ही हात कळांवर असले म्हणजे ते पाचरीखाली जाऊ शकत नाहीत. ही सोय तार बांधून निकामी करणारे चतुर लोक आढळतात; त्यांची चतुराई एखाद्या दिवशी बोटांवर बेतते.

यंत्र घ्यावे की नाही, ह्याचा निर्णय शेवटी हिशेबाने करावा. एखाद्या घरी रोज चार किलो सरपण लागते असे धरले, तर वर्षाला सुमारे दीड टन झाले. यंत्राने मिनिटाला पाच किलोचा एक ओंडका फोडला असे मानले, तर तासाला तीनशे किलो आणि पाच तासांत दीड टन, म्हणजे वर्षाचे काम एका दिवसात संपले! उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते यंत्र पडवीत उभे राहणार, पावसाळ्यात गंजणार आणि त्याच्या तेलात पाणी शिरणार. एका घराने असे यंत्र घेणे म्हणजे वर्षातून एकदा गावाला जाण्यासाठी बस विकत घेणे होय. परंतु हाच हिशेब उलट बाजूने वाचला तर निराळे चित्र दिसते. पाड्यावरील पंचवीस-तीस घरांनी किंवा एखाद्या महिला बचत गटाने मिळून एक यंत्र घेतले, ते चालविण्यास एका-दोघांना शिकविले आणि हिवाळ्यात ते पाळीपाळीने घरोघर फिरविले, तर खर्चही वाटला जाईल आणि विधवा, वृद्ध वा आजारी माणसांच्या घरचे सरपणही वेळेवर फुटेल. एकट्या घरासाठी चांगली कुऱ्हाड व दोन पाचरी आणि समूहासाठी यंत्र, असा ह्या विचाराचा निष्कर्ष निघतो.

साधन कोणतेही असो, त्यामागून येणारी शिस्त एकच. ओंडका जमिनीवर ठेवून फोडू नये. गुडघ्याहून थोड्या कमी उंचीच्या रुंद ठोकळ्यावर ठेवावा, म्हणजे चुकलेला घाव पायाऐवजी ठोकळ्यात बसतो. पाय फाकवून उभे राहावे आणि घाव खाली येताना गुडघे किंचित वाकवावेत. मुलांना चार-पाच पावले दूर ठेवावे. चुलीसाठी चिरफळी मनगटाहून जाड असू नये. बंबफोड त्याहूनही बारीक असावी. फोडलेले सरपण विटांवर वा दगडांवर, जमिनीपासून वितभर उंच रचावे. वरून छप्पर आणि चारी बाजू उघड्या, अशी ती रास असावी. प्लास्टिकने चहूकडून गुंडाळलेली रास वाळत नाही, ती कुजते.

मार्गशीर्ष-पौषात फोडलेले सरपण वैशाखापर्यंत बहुधा वाळते. ते वाळले की नाही, हे ओळखण्यास उपकरण नको. दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटल्या असता ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो आणि कोरड्याचा खणखणीत. टोकांना ताऱ्यासारख्या भेगा दिसतात. अधिक खात्री हवी असल्यास एका चिरफळीवर खूण करून ती दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचे थांबले की ती तयार झाली.

लाकूड कोठून येते, हाही विचार टाळता येत नाही. ह्या प्रदेशाचा सुमारे चाळीस टक्के भाग वनाखाली आहे आणि तेच त्याचे वैभव आहे. उभे झाड तोडण्यापूर्वी, ते आपल्या बांधावरचे असले तरी, वनखात्याकडे विचारणा करावी. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या खोक्यांच्या आणि फळ्यांच्या लाकडाकडेही पुष्कळांचा ओढा असतो. त्यांतील खिळे कुऱ्हाडीची धार घालवितात, हा लहान दोष. मोठा दोष असा की रंगविलेल्या वा रसायन पाजलेल्या लाकडाचा धूर विषारी असतो. परदेशी मालाच्या फळ्यांवर गव्हाच्या कणसाच्या चित्राशेजारी रोमन लिपीतील ‘एमबी’ ही अक्षरे असतील, तर त्या विषारी वायूची धुरी दिलेल्या समजाव्यात आणि चुलीपासून दूर ठेवाव्यात. ‘एचटी’ असेल तर त्या केवळ उष्णतेने शुद्ध केलेल्या असतात.

कालांतराने ह्या भागातील प्रत्येक घरी गॅस वा वीज पुरेल आणि कुऱ्हाड भिंतीला टांगून राहील, अशी आशा बाळगणे रास्त आहे. तो दिवस येईपर्यंत चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांतील पाणी कमी करणे माणसाच्या हाती आहे. त्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहून चालत नाही. आषाढातल्या चुलीचा धूर कमी होतो तो पौषातल्या घावाने.